आत्याची जीभ

तोरीनो, ९ एप्रिल १९८३

प्रिय सावेरियो,

पार्सल पोचलं. बसवाल्याने मला स्टेशनबाहेर दोन तास ताटकळत ठेवलं, पण पोचलं. चीज उत्तम. सुके अंजीर इनेसने उभ्याउभ्या संपवले. माझी लेक पस्तिशीला आली, पण गावाकडचं काही आलं की लहान होते. आता त्या सॉसेजचं, न्दूयाचं सांगते, रागावू नकोस.

ही आपल्या घरची नाही. रंग आहे, धुराचा वास आहे, सुरीने पावावर लोण्यासारखी पसरते. पण तोंडात गेल्यावर काही म्हणजे काही होत नाही. मी आपली वाट बघत बसले. डुकराची चरबी आणि मीठ. मिरची कुठे गेली?

आई काय करायची आठवतं तुला? मी पाच वर्षांची असताना तिने पावाच्या कडेला बोटाएवढी न्दूया लावून मला दिली. मी जमिनीवर लोळले. दहाव्या वर्षी नुसतं डोळ्यांत पाणी यायचं. लग्नाच्या वेळी मी चमचाभर नुसती खायचे आणि सगळ्या काक्या तोंडं फिरवायच्या. मग डुक्कर कापायच्या दिवशी परातीत मांस-मिरची मळून झाली की आई मलाच हाक मारायची, "फोर्तुना, तू सांग." मी मान डोलवली की मगच आतडी भरायला घ्यायचे. मी नको म्हटलं तर मिरची आणखी पडायची.

तुझी मरियान्ना होती तोवर मला एक शब्द बोलावा लागला नाही. ती जाऊन चार वर्षं झाली. आता कोण मळतं? ओर्सोलाच ना? मला तुझ्या सुनेबद्दल काही म्हणायचं नाही. किनाऱ्यावरची पोर, मासळीवर लिंबू पिळून मोठी झालेली. पण तू आहेस ना घरात? तू चाखत नाहीस का?

तुझी ताई,
फोर्तुनाता


२७ एप्रिल १९८३

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. बारमधल्या फोनवर ओरडून बोलण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहितो.

चाखत नाही म्हणजे काय? कालच पावावर जाड थर लावून खाल्ली. मला काही कमी वाटली नाही. पण तू म्हणतेस तर विचार करायला हवा. घरात मिरचीच्या बाबतीत आईनंतर तुझाच शब्द.

मी ओर्सोलाला विचारलं. म्हटलं, "मिरची किती घातलीस?" म्हणाली, "बाबा, दहा किलोला तीन. मरियान्नाआईंनी शिकवली तशीच. आईंच्याच तराजूवर." म्हटलं, "मग ताईला लागत का नाही?" तर खांदे उडवून म्हणाली, "वय झालंय त्यांचं."

हे तिचं बोलणं. तुझ्याबद्दल. ब्रुनो तिथेच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "मला तर बरी लागते, बाबा." पण त्याचं काय, लग्नाला सात वर्षं झाली. बायकोच्या हातचीच चव त्याला खरी वाटणार.

माझी तब्येत ठीक. हर्नियाच्या ऑपरेशनचा आता काही त्रास नाही. द्राक्षांची छाटणी झाली.

सावेरियो


तोरीनो, १६ जून १९८३

प्रिय सावेरियो,

वय झालंय! बाहत्तर म्हणजे काही माझी जीभ गळून पडली नाही. तिला सांग, मी इथे रोज मॅकरोनीवर मूठभर सुकी मिरची चुरडून खाते आणि शेजारच्या बोनीनोबाईंना माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहवत नाही. वय वाढलं तसं माझं तिखट वाढलंच आहे.

दुसरी न्दूया कापली. पहिलीपेक्षा अळणी. मी इनेसला दिली तर ती लागली खोकायला, पण तिचं काय, ती इथेच वाढली, तिला मिरीसुद्धा झोंबते.

मी तुला स्पष्ट लिहिते. एक तर ती पोर मिरची वाचवते आहे, नाही तर मुद्दाम करते आहे. काही बायकांना सासूचं नाव पुसायचं असतं. त्या भांडी बदलत नाहीत, पडदे बदलत नाहीत, चव बदलतात. कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या जानेवारीला तू स्वतः परातीपाशी उभा राहा. मिरची तुझ्या हाताने घाल.

तुझी ताई


२० जानेवारी १९८४

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसं केलं.

मंगळवारी डुक्कर कापलं. दरवर्षीसारखी माणसं होती. न्हावी कोझिमो, त्याचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, शेजारची तुरी. मांस बारीक करून झालं. ओर्सोलाने बाह्या वर केल्या आणि तराजू घेऊन आली. मी म्हटलं, "ठेव तो तराजू." तिला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाली, "का, तुम्ही डोळ्यांनी मोजणार?"

मी खिशातून तुझं जूनचं पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. सगळं. मिरची वाचवण्याचं, सासूचं नाव पुसण्याचं. तुरी हसायला लागली, मग थांबली. ओर्सोलाचा चेहरा तिच्या हातांसारखा लाल झाला होता. ती म्हणाली, "बाबा, हे आत्यांनी लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "ताईची जीभ म्हणजे या घराची जीभ."

तिने दहाला तीनच्या हिशेबाने परातीच्या एका बाजूला मिरची मळली, पावाचा तुकडा तोडला, त्यावर ते लावलं आणि माझ्यापुढे धरला. "मग तुम्ही चाखून सांगा. तुम्ही म्हणाल तर आणखी घालते. पण चाखून सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. कोझिमोने हातातली सुरी खाली ठेवली.

मी चाखलं नाही. का चाखावं? मी म्हटलं, "ज्या हाताने माझ्या बायकोची चव घालवली त्या हातचा घास मला नको." आणि तो तुकडा मी तिच्या हातातून घेऊन कुत्र्यापुढे टाकला.

ती माझ्याकडे पाहत राहिली, असं की जणू तिच्या तोंडाशी काहीतरी आलंय आणि ती ते गिळते आहे. मग तिने ॲप्रन सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आत गेली. ब्रुनो भिंतीला टेकून उभा होता. तो तिच्यामागे गेला नाही. बापाबरोबर राहिला. मला तेवढं बरं वाटलं.

मिरची मी घातली. दहाला पाच. मळताना कोझिमोच्या हाताची आग झाली, त्याने तीनदा हात धुतले. त्याला म्हटलं, "हे खरं काम." सगळ्या न्दूया धुरीला टांगल्या आहेत. तयार झाल्या की पहिली तुला.

सावेरियो


तोरीनो, २८ मार्च १९८४

प्रिय सावेरियो,

मिळाली. आता कुठे जरा काहीतरी लागतंय. अजून थोडी चालली असती.

ओर्सोलाच्या बाबतीत मन घट्ट ठेव. अशा वेळी पुरुष विरघळतात. ईस्टरला सगळ्यांना माझा आशीर्वाद.

ताई


२ जून १९८४

प्रिय ताई,

उशीर झाला, कारण लिहावंसं वाटत नव्हतं.

ईस्टरच्या जेवणाला मी न्दूया कापली. पाद्रीबुवा होते, कोझिमोचं घर होतं. पाद्रीबुवांनी एक घास घेतला, रुमाल तोंडाला लावला आणि अंगणात गेले. कोझिमोची बायको अर्धा लोटा पाणी प्यायली. मग सगळेच हसायला लागले. कोझिमो म्हणाला, "सावेरियो, हिने कुंपणाला रंग दे, डुकरं फिरकणार नाहीत." आता बारमध्ये मी शिरलो की कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवतं. चाळीस वर्षं या गावाने आपल्या घरची न्दूया मागून नेली. दुकानदार मोतारोने त्याला विकायला दिलेल्या सगळ्या परत आणून ओट्यावर ठेवल्या.

ओर्सोला त्या दिवशी जेवायला बसलीच नव्हती, स्वयंपाकघरात उभी होती. मी आत जाऊन म्हटलं, "तूच काहीतरी केलंस. मी घातली तेव्हा ठीक होती." ती म्हणाली, "बाबा, जानेवारीपासून मी धुरीच्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही." आणि मग ब्रुनोला म्हणाली, "मी जाणार. तू येतोस की राहतोस?"

ब्रुनोला ठरवायला आठ दिवस लागले. त्यातले तीन दिवस तो जनावरांच्या गोठ्यातच झोपला. शेवटी गेला. दोघं जर्मनीत आहेत, स्टुटगार्टला, तिच्या चुलतभावाकडे. निघताना ब्रुनोने मला मिठी मारली, ती पाहुण्याला मारतात तशी.

आता घरात मी एकटा. बटाटे उकडतो, खातो.

ताई, तू तरी लिही. तुला मिळाली ती न्दूया चांगली होती ना? तू म्हणाली होतीस, आता कुठे लागतंय. पुन्हा एकदा स्पष्ट लिही, मी मोतारोला दाखवीन. गावाची जीभ मऊ पडली असेल. टीव्ही बघून सगळे बदलले. पण तू आईची लेक आहेस.

लवकर लिही.

सावेरियो


तोरीनो, ३० सप्टेंबर १९८४

प्रिय सावेरियो,

तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर दिलं नाही. ऑगस्टमध्ये तू पाठवलेल्या पोस्टकार्डालाही नाही. मी आजारी नव्हते. इनेसने तुला मी आजारी आहे असं कळवलं, कारण मी तिला तसं सांगितलं होतं.

मे महिन्यात इनेसचे सासू-सासरे जेवायला आले होते. मी सॉस केला. चाखत गेले, मिरची घालत गेले. मला लागेपर्यंत घातली. म्हाताऱ्याने दोन घास खाल्ले आणि त्याचा श्वासच अडकला. जावई त्याला खिडकीपाशी घेऊन गेला, पाठ थोपटत राहिला. इनेस मला म्हणाली, "आई, तू काय केलंस?" मी म्हटलं, "काही नाही केलं, रोजचंच आहे." तर ती रडायला लागली. म्हणाली, "रोजचं आम्ही सगळे पाण्याने धुऊन खातो. दोन वर्षं झाली. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

सगळे गेल्यावर मी खिडकीतल्या माळेची एक मिरची काढली, ती छोटी, शिंगासारखी, आणि बियांसकट चावून खाल्ली. सावेरियो, गाजर खाल्ल्यासारखं वाटलं. मग दुसरी. ओठ जरासे गरम झाले, बस्स. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले.

जूनच्या सुरुवातीला डॉक्टरकडे गेले. तरुण आहे, नीट बोलतो. त्याने जिभेवर थेंब टाकून पाहिले, कडू, खारट, काय काय. म्हणाला, "बाई, वयाने असं होतं. कुणाची जीभ बोथट होते, कुणाचं पोट तिखट सोसत नाही. तुमची जीभ गेली आहे. एकदम नाही जात, हळूहळू जाते, म्हणून माणसाला कळत नाही. माणसाला वाटतं स्वयंपाकच बिघडला." मी विचारलं, "किती वर्षं झाली असतील?" म्हणाला, "चार-पाच तरी."

चार-पाच, सावेरियो. म्हणजे तुझ्या सुनेने पाठवलेली न्दूया ठीक होती. ती तशीच होती.

मी घरी आले तर टेबलावर तुझं पत्र. ती दोघं गेल्याचं. तू लिहिलं होतंस, पुन्हा एकदा स्पष्ट लिही. मी त्याच वेळी लिहायला हवं होतं. कागद काढला होता. पण मला कळेना की मी काय आहे मग. इथे येऊन अठ्ठावीस वर्षं झाली. या इमारतीत मी दक्षिणेची म्हातारी, कपडे इस्त्री करणारी. माझ्याकडे दाखवण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. तुझ्या सुनेने "वय झालंय" म्हटलं होतं, आणि ते खरं निघालं. ते मला गिळवेना. जवळजवळ चार महिने गिळवलं नाही.

आता लिहिते. चूक माझी. ती पोर खरं बोलत होती. तू ब्रुनोला कळव, तिला कळव, दोघांना परत बोलाव.

एक मला कळत नाही. तू तर खात होतास. पावावर जाड थर लावून खाल्ली असं तू लिहिलं होतंस. तुला कसं कळलं नाही?

फोर्तुनाता


१९ ऑक्टोबर १९८४

ताई,

मी खात नव्हतो.

मला हर्निया नव्हता. पोटात व्रण होता, तो फुटला, अर्धं पोट कापून काढलं. १९८१चा नोव्हेंबर. डॉक्टरने सांगितलं, मिरचीचा एक कण गेला तर पुन्हा इथेच येशील आणि मग परत जाणार नाहीस. घरी आल्यावर मी एकदा चोरून चाखली होती. दोन दिवस जमिनीवर वाकून पडलो होतो. तेव्हापासून नाही. तुला नाही सांगितलं, गावाला नाही सांगितलं. ब्रुनोलाही हर्नियाच सांगितला होता, तो शेतावरून यायच्या आत मी जेवून घ्यायचो. सावेरियो बाळासारखा उकडलेले बटाटे खातो, हे कुणाला सांगायचं?

ओर्सोलाला माहीत होतं. तीच करायची वेगळं जेवण. कुणी आलं की माझ्या बटाट्यांवर टोमॅटोचा रस ओतायची, लाल दिसावं म्हणून. दोन वर्षं. मी तिला मरियान्नाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

त्या दिवशी परातीपाशी तिने पाव पुढे केला तेव्हा मला वाटलं, ही आता सांगणार. एकच वाक्य होतं. "हे कसे चाखतील, यांना मिरची चालत नाही." सगळं तिथेच संपलं असतं. तुझं पत्रही आणि मीही. तिने सांगितलं नाही. आणि मी तो घास कुत्र्याला टाकला.

तुझ्यावर मी रागावलो नाही असं लिहिणार नाही. रागावलो आहे. तुझी जीभ मेली होती आणि तू मला तिच्यावर शपथा घ्यायला लावल्यास. पण तू तिकडे हजार किलोमीटरवर होतीस. मी परातीपाशी उभा होतो.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. ब्रुनोला मी काही लिहिणार नाही, आणि तूही लिहू नकोस. काय लिहू? बाप खोटा होता, आत्या खोटी होती, आणि तू भिंतीला टेकून उभा राहिलास? त्याने बायकोकडे कुठल्या तोंडाने बघायचं? इतकी वर्षं त्याने मला बाप म्हणून पाहिलं, तेवढं तरी राहू दे. माझं आता किती राहिलं आहे.

या जानेवारीला डुक्कर नाही. पार्सलची वाट पाहू नकोस.

सावेरियो


स्टुटगार्ट, १३ जानेवारी १९८५

फोर्तुनाता आत्यांना,

तुमचं नाताळचं पत्र मिळालं. तुमच्या भावाने लिहू नका सांगितलं असूनही तुम्ही लिहिलंत, हे तुम्ही पत्रात दोनदा सांगितलं आहे. तुम्ही क्षमा मागितली आहे. ते मी वाचलं.

बाबांच्या पोटाचं मी त्या दिवशी का सांगितलं नाही, असं तुम्ही विचारता. शपथ होती म्हणून नाही. मला वाटलं, ते स्वतः थांबतील. शेवटच्या क्षणी तरी म्हणतील, पोरी, राहू दे. मी पाव धरून उभी होते ती त्यासाठी. मग कुत्र्याने तो खाल्ला.

इथे मी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहे. रोज चारशे माणसांचं जेवण. सॉसेज, कोबी, बटाटे. कुणी काही मागत नाही, कुणी नावं ठेवत नाही. ब्रुनो त्याच कारखान्यात रंग मारण्याच्या विभागात आहे. आम्ही एका टेबलावर जेवतो. भांडत नाही. त्या जानेवारीत जिन्यात तो मला म्हणाला होता, "ओर्सोला, थोडी कमी पडत असेल. आत्याची जीभ चुकणार नाही." तेवढंच बोलला होता. ईस्टरनंतर म्हणाला, "बाबांनी जास्त घातली हे खरं, पण तू कमी घालत होतीस म्हणूनच ना." त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही. तो माझ्याबरोबर आला, पण माझ्या बाजूला आला नाही. एवढ्या दिवसांत मला हा फरक नीट कळला आहे.

म्हणून तुमचं पत्र आलं तेव्हा मी खरं सांगते, मला हायसं वाटलं. तुमच्यासाठी नाही. मी ते जेवणाआधी त्याच्यापुढे ठेवलं. डॉक्टरचं, मिरच्या चावून खाल्ल्याचं, बाबांच्या पोटाचं, न्दूया ठीक होती याचं, सगळं तुम्ही तुमच्या हाताने लिहिलेलं. त्याने सावकाश वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मी समोर बसून होते. सूप गार झालं.

मग त्याने कागद घडी करून माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "तू आत्याला काय लिहिलं होतंस, की तिला हे असं लिहावं लागलं?"

मी तुम्हाला काहीच लिहिलं नव्हतं. हे माझं पहिलं पत्र आहे. त्यालाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "आत्या म्हातारी झाली आहे, भोळी आहे. तिला वाटलं असेल आपलं भांडण मिटावं." माझ्याशी तो प्रेमाने बोलत होता. पाठीवरून हात फिरवत होता.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. इथे ठेवून काही उपयोग नाही.

ओर्सोला